बिगुलात नसलेले स्वर: जिम ऑट आणि त्यांच्या जातीचे अरेंजर

अमेरिकेत दर ऑगस्टमध्ये ड्रम कोअर इंटरनॅशनल या संस्थेची अंतिम स्पर्धा होते. देशभरातली तरुण मुलामुलींची पथकं अमेरिकन फुटबॉलच्या मैदानावर उतरतात, अकरा-बारा मिनिटं वाजवत, धावत, आकृत्या करत एक कार्यक्रम सादर करतात आणि परीक्षक गुण देतात. पहिल्या क्रमांकाशिवाय विभागवार पारितोषिकंही असतात. त्यांतलं ब्रासचं, म्हणजे फुंकून वाजवायच्या पितळी वाद्यांचं पारितोषिक जिम ऑट यांच्या नावाने दिलं जातं. तालवाद्यांचं आहे फ्रेड सॅनफर्ड यांच्या नावाने. हे दोघेही त्या मैदानावर वाजवणाऱ्यांसाठी संगीत लिहून देणारे अरेंजर होते.

अरेंजर आपल्याला अगदीच परका नाही. जुन्या कॅसेटच्या वेष्टनावर संगीतकाराच्या नावाखाली बारीक अक्षरात ‘संगीत संयोजन: अनिल मोहिले’ असं छापलेलं असे. चाल एकाची, पण ती कोणत्या वाद्याने सुरू करायची, मागे व्हायोलिन काय वाजवणार, कडव्यांच्या मधली जागा कशाने भरायची हे ठरवणारा दुसरा. मोहिल्यांना हवं ते वाद्य आणि हवा तो स्वर स्टुडिओत मिळत होता. ऑट यांच्या हाती जे वाद्य होतं त्यात अर्धे स्वरच नव्हते. त्यांचं काम समजून घ्यायचं तर आधी ही अडचण समजून घ्यायला हवी.

साधा बिगूल म्हणजे गुंडाळलेली पितळेची नळी. त्याला ना बासरीसारखी भोकं, ना पेटीसारख्या पट्ट्या. ओठ कमी-जास्त ताणून फुंकलं की नळीतली हवा ठरावीक पटींतच कंप पावते: मूळ कंपनाच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट, सहापट. आपल्या भाषेत सांगायचं तर दुप्पट म्हणजे सा, तिप्पट प, चौपट तार सा, पाचपट तार ग आणि सहापट तार प. सुरात लावलेल्या तंबोऱ्याच्या खर्जातून न छेडलेला गांधार ऐकू येतो, तो याच हिशेबातला पाचवा. सातव्या पटीला कोमल निषाद लागतो, पण तो जरा उतरलेला. त्याच्या वर गेलं की स्वर जवळजवळ येतात, मात्र ते काढताना वाजवणाऱ्याचे ओठ फाटायची वेळ येते.

म्हणजे हाती उरतात सा, ग आणि प. रे, म, ध, नि नाहीत. लष्करी इशाऱ्यांना तेवढे पुरतात. अमेरिकेत सैनिकाच्या अंत्यविधीला वाजणारी ‘टॅप्स’ ही धून २४ स्वरांची आहे आणि तिच्यात वेगवेगळे स्वर फक्त चार: प, तार सा, तार ग, तार प. गंमत म्हणजे तीसुद्धा कुणा संगीतकाराला एका रात्री सुचलेली रचना नव्हे. १८६२ मध्ये यादवी युद्ध चालू असताना व्हर्जिनियातल्या छावणीत जनरल डॅनियल बटरफिल्ड यांनी आधीच्या एका इशाऱ्याची लय आणि वळणं बदलून ती तयार केली. बिगुलाची सर्वांत प्रसिद्ध धून मुळात एक अरेंजमेंटच आहे.

पहिल्या महायुद्धानंतर माजी सैनिकांच्या संघटनांनी गावोगावी ड्रम आणि बिगुलांची पथकं उभी केली. अमेरिकन लीजन १९१९ मध्ये स्थापन झाली. तिच्या आणि तिच्यासारख्या इतर संघटनांच्या शाखा, चर्च, स्काउट असे सगळे यात होते. स्पर्धा सुरू झाल्या, आणि स्पर्धा म्हटली की नियम आले: वाद्य बिगूलच हवं, ‘जी’ (G) पट्टीतलंच हवं, ट्रम्पेट चालणार नाही. नियम करणारे जुने सैनिक होते, त्यांना लष्करी बाज टिकवायचा होता. मुलांना मात्र रेडिओवर ऐकलेली गाणी वाजवायची होती. पुढची साठ-सत्तर वर्षं या दोन इच्छांची ओढाताण चालली, आणि तिच्या मधोमध अरेंजर उभा होता.

दोन महायुद्धांच्या मधल्या काळात बिगुलाला एक पिस्टन, म्हणजे बोटाने दाबायची कळ, बसवायची मुभा मिळाली. तो दाबला की नळीची लांबी वाढते आणि सगळे स्वर एकदम बरेच खाली उतरतात, म्हणजे सा च्या जागी खालचा प येतो. त्यामुळे रे आणि नि हाती आले. मध्य सप्तकात ग, म, ध अजून नव्हतेच. पुढे पिस्टनच्या जोडीला अर्ध्या स्वराने उतरवणारा फिरता व्हॉल्व्ह, म्हणजे तसंच काम करणारी दुसरी कळ, आला. १९७७ मध्ये ड्रम कोअर इंटरनॅशनलने दोन उभ्या व्हॉल्व्हना परवानगी दिली, १९९० मध्ये तिसऱ्याला. २००० पासून जी पट्टीची अटही गेली आणि बँडमध्ये असतात तशी वाद्यं चालू लागली.

ऑट यांचं गाजलेलं काम या यादीच्या बरोबर मध्यावरचं आहे, दोन व्हॉल्व्हच्या पहिल्या काही वर्षांतलं. दोन व्हॉल्व्ह म्हणजे बरंच काही, पण पुरेसं नाही. एक व्हॉल्व्ह पूर्ण स्वराने उतरवतो, दुसरा अर्ध्याने, दोन्ही दाबले की दीड स्वराने. कागदावर मांडून बघा: तार प आणि तार ग पासून खाली उतरताना सगळ्या पायऱ्या मिळतात. तार सा पासून खाली नि, कोमल नि, ध मिळतात, कोमल ध नाही. मध्य प पासून खाली तीव्र म, शुद्ध म, ग मिळतात आणि तिथे वाट संपते. कोमल ग, शुद्ध रे, कोमल रे मध्य सप्तकात अस्तित्वातच नाहीत. थेट सा.

आता एक चाल घेऊ. ड्वोरझाक या संगीतकाराच्या १८९३ च्या ‘न्यू वर्ल्ड’ सिंफनीतल्या संथ भागाची धून जगभर माहीत आहे. आपल्या कानाला ती भूपातली वाटते: ग प प, ग रे सा, रे ग प ग रे. दोन व्हॉल्व्हच्या सोप्रानो, म्हणजे पथकातल्या वरच्या आवाजाच्या, बिगुलावर मध्य सा धरून ती वाजवायला गेलं तर पहिल्याच ओळीत रे अडतो. मग करायचं काय?

पहिली युक्ती कुठल्याही गायकाला माहीत आहे. मध्यमाला सा मानायचं. मग रे च्या जागी प येतो, ग च्या जागी ध, प च्या जागी तार सा आणि ध च्या जागी तार रे. हे सगळे स्वर बिगुलात आहेत. धून पूर्ण वाजते आणि श्रोत्याला काही चुकल्याची शंकाही येत नाही. मात्र पट्टी चढल्यामुळे वाजवणाऱ्याचा दम जास्त जातो, आणि मागच्या वाद्यांच्या स्वरमेळांत नवी भगदाडं पडतात, कारण सगळ्यांची वाद्यं जी पट्टीतलीच. चाल वाचवली की साथ लंगडी होते. अरेंजरचा अर्धा दिवस या सौद्यात जातो.

दुसरी युक्ती मला जास्त आवडते. पथकातली वाद्यं एकाच पट्टीची असली तरी एकाच उंचीची नसतात. सोप्रानो वरची, बॅरिटोन तिच्याखाली एक सप्तक, काँट्राबास त्याहून खाली. बॅरिटोनच्या तार सप्तकातला रे आणि सोप्रानोच्या मध्य सप्तकातला रे हा एकच स्वर. सोप्रानोकडे तो नाही, बॅरिटोनकडे आहे. तेव्हा स्वरमेळातला तेवढा एक स्वर खालून वर चढवून बॅरिटोनकडून घ्यायचा. पण बॅरिटोन त्या उंचीवर ताणलेला, भरदार आणि थोडा गहिवरलेला वाजतो. त्यामुळे नुसती उणीव भरून निघत नाही, सगळ्या आवाजाचा रंग बदलतो. त्या काळच्या पथकांचा मधल्या पट्टीतला जो घट्ट, ऊबदार आवाज लोकांना आजही आठवतो, त्याचं थोडं श्रेय या सक्तीला द्यायला हवं असं मला वाटतं. तीन व्हॉल्व्ह आल्यावर प्रत्येक वाद्य आपलं आपण सगळं वाजवू लागलं. आवाज स्वच्छ झाला. तो अधिक चांगला झाला का, यावर जुने लोक अजून भांडतात, आणि या भांडणात माझा कल जुन्यांकडे आहे.

जिम ऑट कॅलिफोर्नियातले. स्टॉक्टनच्या कमोडोर्स पथकासाठी त्यांनी काम केलं आणि नंतर ते जॉर्जियात नव्याने उभ्या राहिलेल्या स्पिरिट ऑफ अटलांटा या पथकात गेले. या पथकाचा पहिला हंगाम १९७७ चा. तोवर अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या पथकांकडे कुणी फारसं गांभीर्याने बघत नसे. दबदबा होता तो कॅलिफोर्निया, शिकागोचा परिसर आणि ईशान्येकडच्या राज्यांचा. स्पिरिट पहिल्या काही हंगामांतच अंतिम फेरीच्या बारा पथकांत जाऊन बसलं आणि त्यांचा ब्रास हा चर्चेचा विषय झाला. सगळ्यात आधी लोक बोलत ते त्याच्या मोठेपणाबद्दल. स्टेडियमच्या वरच्या रांगांतल्या माणसालाही छातीत जाणवावा असा आवाज.

साठेक मुलांनी जीव खाऊन फुंकलं की मोठा आवाज होतो, त्याला अरेंजर कशाला हवा, असं वाटेल. पण तसं फुंकलं की निघतो तो गोंगाट. आवाज भरतो तो तळापासून. काँट्राबास आणि बॅरिटोन यांचे खालचे स्वर सुरात आणि एकमेकांपासून योग्य अंतरावर असले, तर त्यांच्या वरच्या पटी आपोआप उमटतात आणि सोप्रानोला त्या पटींवर नुसतं टेकायचं असतं. उलट खालच्या सप्तकात स्वर दाटीवाटीने लिहिले तर सगळं गढूळ होतं. त्यात बिगुलाचं तोंड समोर असतं, त्यामुळे तो जिकडे वळेल तिकडे आवाज जातो. मुलं प्रेक्षकांकडे पाठ करून चालत असताना सर्वांत मोठा सूर लिहिला तर तो वाया गेला. म्हणून कवायतीच्या आकृत्या आखणारा आणि संगीत लिहिणारा या दोघांना एकमेकांचं वेळापत्रक पाठ असावं लागतं.

स्पिरिटने वाजवलेली ‘लेट इट बी मी’ ही चाल त्या पथकाची ओळख होऊन बसली. तिचा प्रवासही बघण्यासारखा आहे. १९५५ मध्ये फ्रान्समध्ये जिल्बेर बेकोने ती गायली, तेव्हा ती फ्रेंच गीत होती. १९६० मध्ये एव्हर्ली ब्रदर्सनी तिचं इंग्रजी रूप गाजवलं. ऑट यांनी त्या हळव्या प्रेमगीताला शब्दांशिवाय, फक्त फुंकीवर उभं केलं. संथ चाल पथकासाठी लिहिणं जलद चालीपेक्षा अवघड असतं. जलद चालीत त्रुटी पळून जातात. संथ चालीत प्रत्येक स्वर कितीतरी वेळ उघडा असतो, आणि मुलं चालत असताना श्वास घेणार कधी हेही लिहून द्यावं लागतं: एका रांगेने आत्ता, दुसरीने दोन मात्रांनंतर, म्हणजे ऐकणाऱ्याला सूर अखंड वाटेल.

१९८० च्या हंगामात जिम ऑट यांचा मोटार अपघातात मृत्यू झाला. मुलं दौऱ्यावर होती. त्यांच्या हातातले कागद ऑट यांनी लिहिलेले होते आणि तो हंगाम त्यांनी तेच वाजवत पुरा केला.

त्या काळात भीती काय होती तेही सांगायला हवं, कारण तिचा परिणाम थेट कागदावर होत असे. १९८३ पर्यंत गुण देण्याची पद्धत वजाबाकीची होती. परीक्षक पाट्या घेऊन मैदानात वाजवणाऱ्यांच्या मधून फिरत आणि प्रत्येक चुकीला एक टिक, म्हणजे दशांश एक गुण कापत. सूर चुकला, टिक. काठी उशिरा पडली, टिक. अशा पद्धतीत शहाणा अरेंजर काय करील? कठीण जागा गाळील. ऑट आणि त्यांच्या बरोबरीचे लोक मोठे ठरतात ते यामुळे, की ही तलवार डोक्यावर असताना त्यांनी मुलांकडून अवघड गोष्टी वाजवून घेतल्या. १९८४ पासून टिक गेली, चांगल्याला गुण मिळू लागले आणि संगीत झपाट्याने गुंतागुंतीचं झालं.

तालवाद्यांच्या बाजूला फ्रेड सॅनफर्ड यांनी १९७० च्या दशकात सांता क्लारा व्हॅनगार्ड पथकासाठी असंच मूलभूत काम केलं. ड्रम म्हणजे पावलांना ठेका देणारी वाद्यं, ही समजूत तोपर्यंत घट्ट होती. सॅनफर्ड ती वाद्यवृंदासारखी वापरू लागले: कुठे नुसती कुजबुज, कुठे ब्रासच्या ओळीला उत्तर. तेव्हा टिंपनी, म्हणजे मोठे नगारे, हेसुद्धा मुलं गळ्यात अडकवून चालत. जमिनीवर मांडून ठेवायची मोकळीक १९८० च्या दशकातली.

मैदानाचं आणखी एक गणित तालाशी जोडलेलं आहे, आणि ते नवख्या अरेंजरला हमखास फसवतं. अमेरिकन फुटबॉलचं मैदान सुमारे ४९ मीटर रुंद असतं. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. म्हणजे मागच्या कडेचा ड्रम पुढच्या कडेला पोचायला सेकंदाचा सातवा भाग लागतो. लय मिनिटाला १६० मात्रांची असेल तर एक मात्रा सेकंदाच्या तीन अष्टमांशाएवढी, म्हणजे आवाज जवळपास ४० टक्के मात्रा उशिरा पोचतो. पुढच्याने मागच्याचं ऐकून वाजवलं तर दोघांचा आवाज प्रेक्षकांकडे एकत्र जातो. मागच्याने पुढच्याचं ऐकून वाजवलं तर उशीर दुप्पट होतो. म्हणून मुलांना शिकवतात की मागे असाल तर कानावर विश्वास ठेवू नका, हात हलवणाऱ्या ड्रम मेजरकडे बघा. आणि अरेंजर शक्य तिथे सवाल-जवाबाच्या बारीक लयकारीच्या जागा मैदानाच्या दोन टोकांना वाटून देत नाही.

या सगळ्या हिशेबानंतर हातात काय उरतं? एका हंगामाचं संगीत. ते छापून विकलं जात नाही, कारण ते त्या वर्षीच्या त्या मुलांसाठी लिहिलेलं असतं: या वर्षी तीन सोप्रानो वरचे स्वर काढणारे आहेत, काँट्राबास कच्चे आहेत, असं बघून. तेही एकदा लिहून संपत नाही. जूनमध्ये पहिल्या स्पर्धेला वाजलेला शेवट ऑगस्टमध्ये वेगळा असतो. परीक्षक कंटाळले, एखादी जागा पेलली नाही, की रात्री बसमध्ये नवीन ओळ लिहायची आणि सकाळी मुलांना द्यायची. पुढच्या वर्षी नवा कार्यक्रम. मूळ चालीचे हक्क दुसऱ्याकडे असल्यामुळे अरेंजरला आपलं काम स्वतःच्या नावाने विकताही येत नाही. जुन्या स्पर्धांच्या चित्रफितींत मधेच आवाज गायब होतो तो याच कारणाने: मालकाने त्या गाण्याची परवानगी दिलेली नसते.

यावर एक उपाय म्हणजे दुसऱ्याची चाल घ्यायचीच नाही. १९८५ मध्ये फ्लोरिडाच्या सनकोस्ट साउंड पथकासाठी रॉबर्ट डब्ल्यू. स्मिथ यांनी पूर्ण कार्यक्रमाचं संगीत नव्याने रचलं. तेव्हा हे धाडसच होतं, कारण प्रेक्षक ओळखीची चाल ऐकायला येत. स्मिथ पुढे शाळा-कॉलेजांच्या बँडसाठी लिहिणारे नामवंत संगीतकार झाले, २०२३ मध्ये ते गेले. त्यांच्या संगीताची छापील पुस्तकं दुकानात मिळतात. ऑट यांची मिळत नाहीत.

रॉकफर्डच्या फँटम रेजिमेंट या पथकाने १९८९ मध्ये ‘न्यू वर्ल्ड’ सिंफनीवर बेतलेला कार्यक्रम केला, जिम रेन यांच्या संयोजनात. पाऊण तासाच्या जवळ जाणारी रचना अकरा-बारा मिनिटांत बसवायची म्हणजे काय वाजवायचं यापेक्षा काय टाकायचं हेच मोठं काम. तंतुवाद्यांची लांबलचक थरथर पितळेवर मारून-मुटकून वाजवण्यात अर्थ नसतो. ती तालवाद्यांकडे द्यायची किंवा सोडून द्यायची. सिंफनीच्या भक्तांना अशी कापाकापी पाप वाटते. मला वाटत नाही, कारण सिंफनी तिच्या जागी शाबूत आहे.

दोन व्हॉल्व्हचा जी बिगूल आज पूर्ण नामशेष झाला आहे असं मात्र नाही. वॉशिंग्टनच्या मरीन बॅरॅक्समधलं अमेरिकन मरीन दलाचं ड्रम आणि बिगूल पथक आजही तोच वाजवतं. या पथकाला आजचा आवाज दिला ट्रूमन क्रॉफर्ड यांनी. आधी शिकागोच्या रॉयल एअर्स पथकासाठी लिहिणारे, नंतर मरीन पथकाचे अरेंजर आणि पुढे प्रमुख. पथकाच्या सरावाच्या इमारतीला त्यांचं नाव आहे. तिथला आजचा अरेंजर रे कुठून आणायचा हे कोडं रोज सोडवतो.

ऐकून बघायचं असेल तर १९७८ ते १९८० या वर्षांच्या अंतिम फेरीची स्पिरिट ऑफ अटलांटाची ध्वनिमुद्रणं शोधा. मुद्रण जुनं आहे, गर्दीचा आरडाओरडा आहे. हेडफोन लावा आणि पहिल्यांदा सोप्रानोच्या चालीकडे दुर्लक्ष करून फक्त बॅरिटोनची ओळ पकडायचा प्रयत्न करा. ती कुठे चालीच्या वर जाते तेवढं टिपलं की पुरे. तिथे बहुतेक वेळा सोप्रानोकडे नसलेला एखादा स्वर असतो.